बेळगुंदीचा हिमालययात्री

राजधानीत आयुष्याची अखेर झालेल्या मराठी माणसांत आचार्य काकासाहेब कालेलकरांचे स्मरण आम्हांस विशेष होते. १९५२ ते १९६४ ते राज्यसभेचे सदस्य होते; राजघाटाजवळच्या ‘सन्निधी’त त्यांचे उत्तरायुष्य गेले आणि २१ ऑगस्ट १९८१ रोजी दिल्लीतच ते निवर्तले. परंतु आम्हांला आज स्मरतात ते सत्ताविशीतले, पायी चालणारे काकासाहेब.

दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर यांचा जन्म १ डिसेंबर १८८५ रोजी साताऱ्यास झाला. घर मात्र बेळगावनजीकच्या बेळगुंदीचे. तेथून वाहणारी मार्कंडी वैजनाथाच्या डोंगरात उगम पावते. हे शिखर फारसे कोणास ठाऊक नाही. तरी भारतातील थोर नद्यांची स्तोत्रे गाणाऱ्या या लेखकाने सखीचा मान दिला तो या चिमुकल्या मार्कंडीला!

१९१२ साली बडोद्याचे गंगनाथ विद्यालय सरकारी रोषामुळे बंद पडले. तेथील मुख्याध्यापकपद सुटताच काकासाहेब हिमालयाकडे निघाले. स्वामी आनंद त्यांचे सहप्रवासी होते. आज दिल्लीहून रात्री बसमध्ये बसावे आणि पहाटे हृषीकेशी उतरावे. तेव्हा डोंगरात शिरल्यावर मोटाररस्ता नव्हता. चट्टीवर मुक्काम, पाठीवर कांबळे आणि पुढे चढण. अल्मोडा, जम्नोत्री, गंगोत्री, केदारनाथ, बदरीनाथ असा तो प्रवास त्यांनी केला. मोक्षाची ओढ खरी होती. मात्र मागे घरी पत्नी होती, आणि त्या चढणीचा भार तिनेही वाहिला, हे चरित्रकारांनी अधिक ठसठशीतपणे सांगावयास हवे होते असे आम्हांस वाटते.

हिमालयात ते राहिले नाहीत. देशाच्या पारतंत्र्याची बोच मोक्षाच्या ओढीहून बलवत्तर ठरली. १९१५ मध्ये शांतिनिकेतनात गांधीजींची भेट झाली आणि साबरमतीचा आश्रम हेच त्यांचे घर झाले. तेथील सहकाऱ्यांसाठी त्यांनी ही यात्रा लिहून काढली, ती गुजरातीत! १९२४ साली तिचे पुस्तक झाले आणि गुजराती प्रवासवाङ्मयात ते अग्रस्थानी गेले. गांधीजींनी त्यांस सवाई गुजराती ठरविले, आणि १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कारही त्यांच्या गुजराती ग्रंथासच लाभला.

मग मराठीने त्यांस गमावले काय? परप्रांती मुले वाढविणाऱ्या आम्हां सर्वांच्या घरातला हा प्रश्न आहे. काकासाहेबांपुरते पाहता, कारावासात बेळगावच्या हिंडलगा तुरुंगाची हवा लागताच त्यांची लेखणी मराठीत वळली आणि ‘हिंडलग्याचा प्रसाद’ सिद्ध झाला. तुरुंगापासून बेळगुंदी अवघ्या काही कोसांवर होती.