कीर्तनातून येशू सांगणारे रेव्हरंड टिळक

करमाळा : तालुक्याची हद्द ओलांडली की कर्जत-जामखेड, म्हणजे अहिल्यानगर (पूर्वीचा नगर) जिल्हा. याच नगर भागात रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी आयुष्यातली बरीच वर्षं काढली. लोकमान्य टिळक ते वेगळे. हे कवी, जन्म १८६१ चा, रत्नागिरीकडच्या करजगावचा.

फेब्रुवारी १८९५ मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. ब्राह्मणाच्या घरात त्या काळी असं घडल्यावर काय झालं असेल, ते सांगायला नको. पत्नी लक्ष्मीबाई नातेवाइकांकडे राहिल्या, काही काळ आपल्या पंढरपुरातही. चार-पाच वर्षांनी त्या नवऱ्याकडे आल्या, पण सोवळं-ओवळं सांभाळूनच. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. पुढे १९०० साली त्यांनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला.

मिशनच्या प्रार्थनेत तेव्हा साहेबी चालीची गाणी असत. टिळकांनी अभंग रचले, टाळ-मृदंगावर भजन आणि कीर्तन आणलं. तुकोबांच्या वाटेनेच आपण येशूपाशी पोचलो, असं ते मानत. वाटेत भेटलेला गरजू माणूस थेट घरी आणायचा, हा त्यांचा स्वभाव. चुलीपाशी तारांबळ मात्र लक्ष्मीबाईंची! बालकवी ठोंबरेही या घरात राहून गेले.

१९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही तिथे जागा होती. ९ मे १९१९ रोजी मुंबईत ते वारले. त्यांचं अपुरं ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे पूर्ण केलं.