बाबासाहेबांचे एम.ए. आणि आजची शिष्यवृत्ती

राज्यशास्त्रात एम.ए. करून काय मिळणार, असा प्रश्न आमच्या वस्त्यांतून आजही विचारला जातो. डॉक्टर व्हा, इंजिनिअर व्हा, निदान डी.एड. तरी करा, असे आईबाप सांगतात. त्यांची काळजी खोटी नाही. परंतु ज्यांचे नाव आम्ही ऊठसूट घेतो, त्या महामानवाने एम.ए.साठी काय शिकले, हे आम्ही तपासले आहे काय?

२ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार रामजी यांचे निधन झाले. अर्थशास्त्र व राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झालेले भीमराव त्याच वर्षी सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. महिना साडेअकरा पौंड, मुदत ३ वर्षे आणि परतल्यावर १० वर्षे बडोदा संस्थानची नोकरी, असा करार होता.

कोलंबिया विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विद्याशाखेत अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र हे विषय एकाच छताखाली होते. बाबासाहेबांचा मुख्य विषय अर्थशास्त्र. परंतु ते तेवढ्यावर थांबले नाहीत. तीन वर्षांत त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ अभ्यासक्रम घेतले. सेलिग्मन, जॉन ड्युई यांच्यासारखे गुरू लाभले. १९१५ साली ते एम.ए. झाले. प्रबंधाचा विषय होता प्राचीन भारतीय व्यापार.

९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. जात ईश्वराने केली नाही, एकट्या मनूनेही लादली नाही. जातीतच लग्न करण्याच्या सक्तीवर ती उभी आहे आणि सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह ही ती टिकवण्याची साधने आहेत, अशी मांडणी त्यांनी केली. तेव्हा त्यांचे वय होते २५ वर्षे!

हे ज्ञान त्यांनी कपाटात ठेवले नाही. १९१९ साली साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांसाठी मताधिकार आणि स्वतंत्र प्रतिनिधित्व मागताना तेच कामी आले. गोलमेज परिषदेत आणि पुढे घटना समितीतही तेच त्यांच्यासोबत होते.

आता वर्तमान पाहा. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीच्या नियमांतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास वगळले. ही शिष्यवृत्ती अनुसूचित जाती, भटके-विमुक्त आणि भूमिहीन शेतमजुरांच्या मुलांसाठी आहे. हे विषय देशातच शिकता येतात, असे कारण पुढे आले. हाच नियम १९१३ साली असता तर बाबासाहेबांचा व्यापारावरील प्रबंधही बसला नसता आणि जातींवरील निबंधही!

आम्ही वकील म्हणून विचारतो, संविधानाचे कलम ४६ अनुसूचित जातींच्या शैक्षणिक हिताची विशेष काळजी घ्या असे शासनाला सांगते. त्यांनी काय शिकू नये हे ठरवणे, ही कसली काळजी? आमच्या मुलांनी परदेशात यंत्रे शिकलेली चालतात, मग जातीची चिकित्सा का चालत नाही?

म्हणून आईबापांना आमची विनंती आहे. घरातील एखादे मूल राज्यशास्त्र, समाजशास्त्र शिकतो म्हणाले तर त्याला अडवू नका. आणि चळवळीतील वकिलांनी, प्राध्यापकांनी, कार्यकर्त्यांनी हा नियम रद्द करण्याची मागणी लावून धरावी. जयंतीच्या मिरवणुकीइतकीच गर्दी या मागणीमागे उभी राहिली पाहिजे.