न मिळालेलं कप्तानपद

फेब्रुवारी २०१७ मधली गोष्ट. पुण्याच्या आयपीएल संघानं महेंद्रसिंह धोनीला कप्तानपदावरून दूर केलं आणि त्याच्या जागी ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह स्मिथला नेमलं. ही बातमी आली त्या रात्री माझ्या थोरल्या बहिणीचा नातू जेवला नाही. वय वर्षं दहा. ताईनं फोन करून मला बोलावून घेतलं. घरातली समजूत घालण्याची कामं माझ्याकडे येतात, कारण मी निवृत्त आहे आणि कादंबऱ्या लिहितो, म्हणजे मला गोष्टी सांगता येत असणार असा सगळ्यांचा समज आहे.

मी त्याला व्यवहाराची भाषा सांगितली. संघ मालकाचा, पैसा मालकाचा. आदल्या वर्षी आठ संघांत आपला सातवा नंबर आला होता. मग मालक कप्तान बदलणारच. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं की, संघ मालकाचा, तर मग आम्ही कोण? गहुंजेच्या स्टेडियमवर उन्हात बसून घसा बसेपर्यंत ओरडणाऱ्यांचा त्यात काहीच वाटा नाही का?

मला चटकन उत्तर देता आलं नाही. मग मी त्याला एका माणसाची गोष्ट सांगितली. कप्तानपद काढून घेतल्याची नव्हे, तर ते कधी मिळालंच नाही अशा माणसाची. आणि त्याच्यासाठी लोकांनी आवाज उठवला त्याची. ती गोष्ट पुण्यात सुरू होते.

बाळू पालवणकर यांचा जन्म १८७६ सालचा, धारवाडचा. घराणं मूळचं कोकणातलं, समाज चर्मकार. वडील लष्करी नोकरीत असल्यामुळे कुटुंब पुण्यात आलं. बाळूंची पहिली नोकरी एका पारशी क्रिकेट क्लबातली. मैदान झाडायचं, रूळ फिरवायचा आणि महिन्याला तीन रुपये घ्यायचे. पुढे ते लष्कर भागातल्या साहेबांच्या पूना क्लबात लागले. तिथे पगार चार रुपये. खेळपट्टी तयार करायची, जाळी बांधायची, आणि साहेबांना सराव हवा असेल तेव्हा गोलंदाजी करायची.

डावखुऱ्या हातानं चेंडूला फिरकी देणारा हा पोरगा साहेबांना खेळता येईना. जे. जी. ग्रेग नावाचे त्या काळचे नामांकित इंग्रज फलंदाज इतरांच्या आधी मैदानावर येत आणि एकट्या बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करीत. आपल्याला बाद केलंस की आठ आणे, असा त्यांचा करार होता म्हणतात. महिन्याचा पगार चार रुपये, तेव्हा आठ आणे म्हणजे काय, हे वाचकांच्या लक्षात येईल. पण तासन् तास गोलंदाजी करणाऱ्या बाळूंच्या हातात बॅट मात्र तिथे कुणी दिली नाही. फलंदाजी हा साहेबाचा मान होता.

पुण्याच्या हिंदू क्लबाला साहेबांना हरवायचं होतं. त्यासाठी बाळू हवे होते आणि बाळू तर अस्पृश्य. बराच खल झाला आणि अखेर त्यांना संघात घेतलं गेलं. मैदानावर तोच चेंडू सगळ्यांच्या हातातून फिरे, त्याला विटाळ नव्हता. चहाची सुट्टी झाली की मात्र बाकीचे मंडपात कपबशीतून चहा घेत आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणाचं ताट वेगळं. पुण्यानं साहेबांना हरवलं ते याच माणसाच्या हातानं. साताऱ्याच्या इंग्रज जिमखान्याविरुद्ध त्यांनी संघ जिंकून दिला, तेव्हा न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांचं जाहीर कौतुक केलं. ज्याच्यासोबत खेळता, त्याच्यासोबत खाण्यापिण्याला हरकत कसली, असं रानड्यांनी सुनावल्याचंही सांगतात. हळूहळू ते वेगळं ताट गेलं.

पुण्यात प्लेग आला त्या सुमारास बाळू मुंबईला गेले आणि तिथल्या हिंदू जिमखान्यातर्फे खेळू लागले. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं. त्या सामन्यात बाळूंनी दोन्ही डावांत मिळून आठ गडी बाद केले. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवल्याचा आनंद देशभर झाला. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारताचा पहिला सर्वसमावेशक संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला, पण बाळूंनी दौऱ्यात ११४ बळी घेतले. परतल्यावर मुंबईत दलित समाजानं त्यांचा सत्कार केला. त्या मानपत्रामागे एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकर या विद्यार्थ्याचा हात होता, असं सांगितलं जातं.

आता प्रश्न कप्तानपदाचा. तेव्हा मुंबईची मोठी स्पर्धा धर्मावार भरे. युरोपियन, पारशी आणि हिंदू असे तीन संघ होते. १९१२ पासून मुस्लिम संघ आला आणि ती चौरंगी झाली. हिंदूंच्या संघात बाळूंइतका अनुभवी आणि यशस्वी खेळाडू दुसरा नव्हता. मागून त्यांचे धाकटे भाऊ शिवराम, गणपत आणि विठ्ठलही मोठे खेळाडू झाले. १९१० नंतर दर वर्षी बाळूंच्या नावाची मागणी होई आणि दर वर्षी निवड समिती दुसरंच नाव जाहीर करी. संघाचे कप्तान एम. डी. पै यांनी तर हा मान खरं म्हणजे बाळूंचा आहे, असं जाहीरपणे बोलून दाखवलं होतं. कप्तानाला जे दिसत होतं, मैदानाच्या कडेला बसलेल्या प्रेक्षकाला जे दिसत होतं, ते समितीला दिसत नव्हतं.

डिसेंबर १९२० मध्ये कडेलोट झाला. समितीनं बाळूंना संघातूनच वगळलं. पै आजारी होते, म्हणून पहिल्या सामन्यासाठी पुण्याच्या प्रा. दि. ब. देवधरांना कप्तान नेमलं. देवधर त्या वेळी अवघे अठ्ठावीस वर्षांचे. पुढे शंभरी ओलांडलेले देवधर आम्हा पुणेकरांचं दैवत; त्यांच्या गुणवत्तेविषयी वाद नाही. पण शिवराम आणि विठ्ठल त्यांच्याहून अनुभवी होते. त्यांना डावललं ते खेळावरून नव्हे, जातीवरून, हे उघड होतं. दोघा भावांनी निषेध म्हणून संघातून अंग काढून घेतलं आणि आपली बाजू लोकांपुढे मांडली.

आणि लोक बोलले. क्रिकेटप्रेमींची सहानुभूती भावांकडे वळली. काळही तसा होता. त्याच महिन्यात नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनात असहकाराबरोबर अस्पृश्यता निवारणाची हाक दिली जात होती. अशा वेळी आपल्याच संघात हा भेद, हे लोकांना बोचलं. अखेर तडजोड झाली. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यात पै परतले, दोघे भाऊ परतले आणि बाळू उपकप्तान झाले. सामन्यात पै काही वेळ मैदानाबाहेर गेले, तेव्हा संघाची सूत्रं बाळूंनी हाती घेतली.

बाळू तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचे होते. त्यांच्या वाट्याला कप्तानपद आलं ते एवढंच, कुणी बाहेर गेलं असतानाचं.

इथे मला माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे. मी बँकेत लागलो तेव्हा शाखेत माझ्याहून दहा वर्षांनी सीनियर एक गृहस्थ होते. लेजर कसं लिहायचं, दिवसाचा हिशेब चार आण्यांनी चुकला तर कुठे शोधायचा, हे मी त्यांच्याकडून शिकलो. संध्याकाळी ताळा जुळेना की मॅनेजरसुद्धा त्यांच्याच टेबलाशी येई. पुढे काही वर्षांनी बढतीची यादी आली. माझं नाव होतं, त्यांचं नव्हतं. पात्रतेत ते तसूभर कमी नव्हते. त्यांचं आडनाव कोणत्या वस्तीतून आलं आहे, हे मात्र सर्वांना ठाऊक होतं. कँटीनमध्ये चार दिवस कुजबुज झाली. निषेधाचा अर्ज करावा असं दोघातिघांच्या मनात आलं, पण त्या अर्जावर पहिली सही माझी असायला हवी होती आणि मी ती केली नाही. मी पेढे वाटले. पहिला पेढा त्यांनीच उचलला आणि माझी पाठ थोपटली. ते थोपटणं मी अजून विसरलेलो नाही.

म्हणून १९२० सालच्या त्या अनाम लोकांविषयी मला आदर वाटतो. संघ त्यांचा नव्हता, समितीत त्यांना मत नव्हतं. त्यांच्याकडे होतं ते इतकंच, की त्यांनी खेळ पाहिला होता. ज्यानं पाहिलं आहे त्यानं बोलावं, एवढा साधा हिशेब त्यांनी पाळला.

त्याचं फळ बाळूंना नाही, त्यांच्या भावाला मिळालं. १९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कप्तान झाले. त्या वर्षी हिंदूंनी स्पर्धा जिंकली आणि विजयानंतर विठ्ठल यांना सवर्णांनी खांद्यावर घेतलं. १९२६ पर्यंतच्या चार वर्षांत त्यांच्या संघानं तीनदा अजिंक्यपद मिळवलं. ज्या थोरल्या भावाला पुण्यात मंडपाबाहेर चहा मिळत होता, त्याच्या धाकट्या भावाच्या हुकमावर आता अकरा जण उभे राहत होते.

बाळू पुढे सार्वजनिक जीवनात आले. सप्टेंबर १९३२ मध्ये पुण्यात झालेल्या पुणे करारावर त्यांचीही सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसनं त्यांना उभं केलं ते मुंबईत, आणि समोर होते डॉ. आंबेडकर. आंबेडकरांना १३,२४५ मतं पडली, बाळूंना ११,२२५. ज्याच्या सत्काराला तरुण भीमराव आले होते, तोच त्यांच्याविरुद्ध उभा राहावा, हा योगही विलक्षणच. जुलै १९५५ मध्ये बाळू मुंबईत वारले. प्रथम दर्जाच्या ३३ सामन्यांत १७९ बळी, सरासरी पंधराच्या आसपास, हा त्यांचा हिशेब मागे राहिला.

त्या रात्री गोष्ट संपल्यावर नातवानं विचारलं की, मग ओरडून बाळूंना काय मिळालं? मी म्हटलं, त्यांना थोडंच मिळालं, पण ओरडणं वाया गेलं नाही. धोनीची गोष्ट वेगळी, त्याला सगळं मिळालेलं आहे. त्याच्यासाठी रुसलास तरी चालेल, जेवला नाहीस तर चालणार नाही. मात्र कधी तुझ्या वर्गात, तुझ्या संघात, पुढे तुझ्या कचेरीत एखाद्याचा हक्काचा मान डावलला जाताना दिसला, तर आजचा हा राग तेव्हासाठी राखून ठेव.

त्या वर्षी पुण्याचा संघ अंतिम सामन्यात पोचला आणि मुंबईकडून एका धावेनं हरला. तोवर पोरगा स्मिथचाही भक्त झाला होता. आता तो कॉलेजात जातो. गेल्या महिन्यात ताईनं सहज सांगितलं की, कॉलेजच्या संघनिवडीवरून त्यानं कसलासा अर्ज दिला, स्वतःसाठी नव्हे, एका मित्रासाठी. आणि त्यावर पहिली सही त्याची होती.

मी काही बोललो नाही. चहा गार होईपर्यंत नुसता बसून राहिलो.