डॉक्टर सर विल्यम ऑस्लर

घरांतील आजारी माणसाचा अंतकाळ जवळ आला हें ओळखणें कठीण, व ओळखल्यावर त्याच्याजवळ बसणें त्याहून कठीण. या दोन्ही गोष्टी वैद्यांस शिकविणारे सर विल्यम ऑस्लर यांचें चरित्र आमच्या वाचकांनीं जाणावें, असें आम्हांस वाटतें.

ते १८४९ सालीं कॅनडांतील बॉण्ड हेड गांवीं एका पाळकाच्या घरीं जन्मले. स्वतः पाळक होण्याचाच त्यांचा विचार होता. परंतु वैद्यकाची गोडी लागून १८७२ सालीं मॉन्ट्रियल येथें ते डॉक्टर झाले. पुढें फिलाडेल्फिया, बाल्टिमोर व १९०५ पासून ऑक्सफर्ड येथें त्यांनीं अध्यापन केलें. विद्यार्थ्यांस त्यांनीं रोग्यांच्या खाटेजवळ नेऊन शिकविलें, ही त्यांची मोठी कीर्ति.

मरण म्हणजे भयंकर यातना, अशी समजूत सर्व देशांत आहे. ती कितपत खरी, हें पाहूनच ठरवावें म्हणून त्यांनीं बाल्टिमोर येथील जॉन्स हॉप्किन्स इस्पितळांत सुमारें ५०० रोग्यांच्या अखेरच्या अवस्थेच्या नोंदी ठेवविल्या. मरण एकाएकीं आलें काय, शुद्धि हरपली असल्यास किती वेळ, भय दिसलें काय, हें परिचारिका छापील पत्रकावर लिहीत. १९०४ सालीं हार्वर्ड येथील व्याख्यानांत त्यांनीं गणती सांगितली. ९० जणांस शरीराची पीडा, ११ जणांस मनाची धास्ती, दोघांस उघड भीति, एकास आत्मिक उल्हास व एकास तीव्र पश्चात्ताप. बाकी बहुतेकांनीं कोणतेंच चिन्ह दाखविलें नाहीं. जवळ जवळ पांचांत एकास पीडा, ही कांहीं थोडी नव्हे, असें आम्ही म्हणूं. ती शमविण्याचे उपाय आतां पुष्कळ आहेत.

अंत समीप आला म्हणजे रोगी बहुतेक वेळ झोपून असतो, अन्नपाण्याची इच्छा उडते, हातपाय गार पडतात, श्वास मध्येंच थांबून पुन्हां चालूं लागतो. अशा वेळीं माया म्हणून बळेंच दूध पाजूं नये. त्यानें ठसका मात्र लागतो. ओठ ओले करावे व हात धरून बसावें.

१९१७ च्या आगस्टांत त्यांचा एकुलता एक जिवंत मुलगा रिव्हिअर फ्लँडर्सच्या रणांगणावर जखमी होऊन वारला. पुढल्याच वर्षीं ऑक्सफर्ड येथील एक लहान मुलगी बरी होणार नाहीं हें ओळखून ते तिला दिवसांतून दोन वेळां भेटूं लागले. एका थंड दिवशीं त्यांनीं खिशांतून कागदांत गुंडाळलेला लाल गुलाब काढला. बागेंतील तो शेवटचा होता. गुलाबाचा रंग काय, गालांवरची लाली काय, कायम राहत नाहीं; दुसऱ्या घरीं जावें लागतें, आणि मागें राहणाऱ्या आईबापांस वाईट वाटूं देऊं नये, असें त्यांनीं तिला समजाविलें. तें मुलीस कळलें, व ती दुःखी झाली नाहीं.

१९१९ च्या शरदृतूंत त्यांस स्वतःला फुप्फुसाचा विकार जडला. दुसऱ्याचा रोग पाहावा तसा ते आपला रोग पाहत होते. आपण उठणार नाहीं हें त्यांनीं ओळखलें होतें. आपलीच शवपरीक्षा पाहावयास मिळणार नाहीं, एवढेंच त्यांस वाईट वाटे! २९ डिसेंबर रोजीं ते वारले. त्यांचा ग्रंथसंग्रह मॉन्ट्रियलच्या मॅगिल विद्यापीठास गेला, व त्यांची रक्षा त्या ग्रंथांमध्येंच ठेविली आहे.