केडगावच्या रमाबाई

ह्या वर्षीच्या स्मरणिकेत एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र द्यावे असे मंडळात ठरले आणि ते काम माझ्याकडे आले. जिजाऊ तर आपल्याच जिल्ह्याच्या. त्यांच्याविषयी आणि सावित्रीबाईंविषयी आपण दरवर्षी बोलतो, ऐकतो. म्हणून मी पंडिता रमाबाई निवडल्या. त्या ख्रिस्ती झाल्या, मग आपल्या स्मरणिकेत त्यांचे काय काम, असे एखाद्या भगिनीला वाटेल. तिने पुढचे वाचावे, एवढीच विनंती.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे व्युत्पन्न. त्यांनी पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकविले, हा त्या काळी अपराधच. लोकांच्या बोलण्याला कंटाळून त्यांनी कर्नाटकात गंगामूळच्या रानात घर थाटले, आणि तेथे रमाबाई जन्मल्या. पुढे सारे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत फिरू लागले. लहानग्या रमेला आईच्या तोंडून हजारो श्लोक पाठ झाले.

मग मोठा दुष्काळ आला. जवळचे किडूकमिडूक संपले. भीक मागणे शास्त्रीबुवांना साधेना, मजुरी करणे कुळाच्या अभिमानात बसेना. शेवटी त्यांनी तीर्थाच्या तळ्यात देह टाकण्याचे ठरविले. मुलगा श्रीनिवास ह्याने अभिमान बाजूला ठेवला, मी मजुरी करतो म्हणून वडिलांना थांबविले. पण उपासाने पोखरलेले शरीर टिकले नाही. वडील गेले, मागोमाग आई गेली. आईच्या तिरडीला चार माणसे मिळेनात. दोघे ब्राह्मण कसेबसे आले, तिसरा भाऊ, आणि चौथ्या रमाबाई. त्या उंचीने ठेंगण्या, खांदा पुरेना, म्हणून त्यांनी आईचा भार डोक्यावर घेतला. पुढे थोरली बहीणही गेली.

हा प्रसंग मी मुद्दाम विस्ताराने लिहिला. पिकाने दगा दिल्यावर कर्त्या पुरुषाच्या मनात काय येते, आणि तो गेल्यावर घरात उरलेल्या बाईवर काय गुदरते, हे आपल्या बुलढाणा जिल्ह्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. रमाबाई त्या उरलेल्यांपैकी एक होत्या.

उरलेली भावंडे चार हजार मैल पायी फिरली. झेलमच्या काठी थंडी सोसवेना तेव्हा वाळूत खड्डे खणून गळ्यापर्यंत वाळू ओढून घेऊन रात्र काढली. १८७८ साली कलकत्त्यास पोहोचल्यावर तेथल्या विद्वानांनी ह्या वीस वर्षांच्या मुलीस 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटले. परंतु मान पोट भरीत नाही आणि माणसेही परत आणीत नाही. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी ह्या जातीबाहेरच्या बंगाली वकिलाशी विवाह केला. दोन वर्षे व्हायच्या आत, फेब्रुवारी १८८२ मध्ये, पटकीने तेही गेले. पदरात मनोरमा, वर्षाच्याही आतली.

मग पुणे, आर्य महिला समाज, आणि १८८३ साली इंग्लंड. तेथे लंडनच्या फुलहॅम भागात ख्रिस्ती भगिनींनी चालविलेले एक घर त्यांनी पाहिले. समाजाने पतित म्हणून टाकलेल्या बायकांची त्या भगिनी मायेने सेवा करीत होत्या. असे त्यांनी आपल्याकडे कोठे पाहिले नव्हते. ह्या बायकांची एवढी काळजी का, असे त्यांनी विचारले, तेव्हा येशू आणि शोमरोनी स्त्रीची विहिरीवरची गोष्ट त्यांना वाचावयास मिळाली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी माय-लेकींनी बाप्तिस्मा घेतला. पुण्यात मोठा गहजब झाला. ज्योतिराव फुल्यांनी मात्र १८८५ साली 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली.

त्यांनी धर्म बदलला तो बरा की वाईट, ह्या वादात मला शिरावयाचे नाही. मला एवढेच दिसते की ज्या बाईला देव मानणेच अशक्य व्हावे इतके भोगावे लागले, तिला तेथे एक आशा सापडली. ही आशा मेल्यानंतरच्या स्वर्गापुरती नव्हती. टाकलेले माणूस पुन्हा उभे राहते, असा तिचा अर्थ रमाबाईंनी घेतला आणि लगेच हात चालविले.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन निघाले, पुढच्या वर्षी ते पुण्यास गेले. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. १८९३ साली त्यांचा धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह झाला. त्याच वर्षी सदनात मुलींना बाटविले जाते अशी हाकाटी उठली. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. मुली आपल्या प्रार्थनेला येऊन बसत, त्यांना रमाबाई अडवीत नसत हे खरे. पालकांचे भय अगदीच निराधार होते असे मी म्हणणार नाही. पण त्या विधवांना घरी काय वाट पाहत होते, ह्याचीही चौकशी व्हावयास हवी होती.

१८९६ साली मध्यप्रांतात दुष्काळ पडला तशा रमाबाई तिकडे निघाल्या. अन्नछत्रांतून, रस्त्यांच्या कडेने निराधार मुली फिरत होत्या, आणि त्यांना नेणारे भलतेच लोकही फिरत होते. वीसेक वर्षांपूर्वीची स्वतःची स्थिती बाईंना त्यांच्यात दिसली. तीनशे मुली आणण्याचा त्यांनी निश्चय केला. पुण्यात प्लेग, सरकारने एवढ्या मुली शहरात ठेवू दिल्या नाहीत. सदनाच्या उत्पन्नासाठी केडगावास फळबाग घेतलेली होती, तेथे मांडव घालून मुलींना ठेवले. तेच मुक्तिसदन. पुण्यातल्या प्लेगच्या छावण्यांत बायकांचे काय हाल होतात हेही १८९७ साली त्यांनी उघड लिहिले; सरकारची भीड धरली नाही.

१८९९–१९०० चा तो छप्पनचा दुष्काळ आला. त्याने आपले वऱ्हाडही होरपळले होते. गुजरातेतून मुली आल्या आणि केडगावची वस्ती दीड हजारांच्या घरात गेली. एवढ्या तोंडांना रोज दोन वेळा घालावयाचे म्हणजे काय, हे लग्नघरात पंगती वाढलेल्या बाईने मनाशी करून पाहावे! शेती, गाईम्हशी, तेलघाणा, हातमाग, शिवण, छापखाना, सारे मुली शिकल्या. आंधळ्या मुलींना बोटांनी वाचावयास शिकविले.

उतारवयात बाई ग्रीक आणि हिब्रू शिकल्या, आणि साध्या बायकांना समजेल अशा मराठीत सबंध बायबल उतरविण्यास बसल्या. जुळणीस मुलीच. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा वारली. चाळीस वर्षांची एकुलती एक लेक, संस्थेचा उजवा हात. बाईंनी काम थांबविले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. बायबल १९२४ साली मुक्तीच्याच छापखान्यातून निघाले.

शेगावला गाडीत बसून दौंडमार्गे पुण्यास जाताना केडगाव स्टेशन लागते. मुक्तिमिशन तेथे आजही चालू आहे, आणि निराधार बायका-मुली तेथे आजही राहतात.