विश्लेषण : अंतराळात गेलेले ‘ते’ चित्र कुणाचे? पेत्र गिन्झची रोजनिशी ६० वर्षांनी कशी सापडली?

१ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया हे अंतराळयान परतीच्या वाटेवर टेक्सासच्या आकाशात तुटून पडले. आपल्याकडे ही दुर्घटना कल्पना चावला यांच्यामुळे आजही आठवली जाते. त्याच यानात इलान रामॉन हे पहिले इस्रायली अंतराळवीर होते आणि त्यांच्या सामानात एका पेन्सिलचित्राची प्रत होती. चंद्रावरच्या टोकदार डोंगरांमागे आकाशात पृथ्वी दिसते आहे, असे ते चित्र. ते काढणारा मुलगा पेत्र गिन्झ १६व्या वर्षी ऑश्विट्झमध्ये मारला गेला. यान कोसळले त्या दिवशी त्याची ७५वी जयंती होती.

कोण होता पेत्र गिन्झ?

पेत्रचा जन्म १ फेब्रुवारी १९२८ चा, प्रागमधला. वडील ओटो ज्यू, आई मारी ख्रिश्चन. दोघांनाही एस्पेरांतो या जागतिक भाषेचे वेड होते आणि त्यांची ओळखही त्यातूनच झाली. धाकटी बहीण एवा. पेत्रला ज्युल व्हर्नच्या कादंबऱ्या आवडत. आठव्या वर्षापासून तो स्वतःही तशा लिहू लागला. चित्रे त्याचीच, बांधणीही त्याचीच. त्यातली आदिम काळातून आलेल्या एका अजस्र प्राण्याची कथा तेवढी आज शिल्लक आहे.

१९३९ मध्ये जर्मनीने प्रागचा ताबा घेतला. नाझी नियमांनुसार ख्रिश्चन आईला हद्दपारी नव्हती. मात्र ज्यू म्हणून वाढवलेल्या तिच्या मुलांना वय १४ झाले की घर सोडून तेरेझिनच्या घेट्टोत जावे लागे. म्हणजे पेत्र कधी जाणार, हे त्याच्या वाढदिवसावरून घरात सगळ्यांनाच कळत होते.

रोजनिशीत काय होते?

सप्टेंबर १९४१ ते ऑगस्ट १९४२ या काळात पेत्रने रोज चार-दोन ओळी लिहिल्या. तक्रार किंवा रडारड जवळजवळ नाहीच. हवा कशी होती, शाळेत काय झाले, दुपारी कुणाकडे गेलो आणि कुणाला हद्दपारीची नोटीस आली, हे सगळे एकाच सुरात. १९ सप्टेंबर १९४१ पासून ज्यूंना कपड्यांवर पिवळा तारा लावणे सक्तीचे झाले. पेत्रने शाळेच्या वाटेवर असे ‘शेरीफ’ मोजले. भरले ६९. आईने नंतर शंभरावर मोजले, हेही त्याने नोंदवले. मे १९४२ मध्ये नाझी अधिकारी हायड्रिचवर हल्ला झाला. त्यानंतर गोळ्या घातलेल्यांची नोंदही त्याच वहीत आहे. मोठ्या माणसांच्या आठवणींत हा काळ बहुतेक वेळा एका काळ्या ढगासारखा येतो. इथे तो वारानुसार येतो, म्हणूनच वाचताना जास्त टोचतो.

शाळा सुटल्यावर पेत्र टाइपरायटर साफ करण्याच्या कामावर जाऊ लागला होता. ऑक्टोबर १९४२ मध्ये बोलावणे आले तेव्हाही तो कामावरच होता. सामानात त्याने काय घेतले, हे त्याने पुढे तेरेझिनमध्ये लिहून ठेवले : भरपूर कागद, छाप काढण्यासाठी लिनोलियम, ते कोरायचे चाकू, पुस्तक बांधायचे थोडे चामडे आणि एक अर्धवट कादंबरी. कपड्यांत जागा करून हे सगळे बसवणाऱ्या आईचे काय झाले असेल, याची कल्पनाच करावी.

तेरेझिनमध्ये तो काय करत होता?

तेरेझिन हे जुने किल्ल्याचे गाव. तिथल्या पूर्वीच्या शाळेत, एल-४१७ या इमारतीत मुलगे ठेवले होते. पेत्रच्या पहिल्या नंबरच्या खोलीत तीन मजली फळ्यांवर ४० च्या आसपास मुले झोपत. त्यांचे शिक्षक वाल्टर आयसिंगर त्यांच्यासोबतच राहत. मुलांनी खोलीचे ‘प्रजासत्ताक’ केले होते. त्याचे चिन्ह होते पुस्तकावरून ताऱ्याकडे झेपावणारे रॉकेट.

डिसेंबर १९४२ मध्ये या खोलीने ‘वेदेम’ नावाचे साप्ताहिक सुरू केले. नावाचा अर्थ ‘आम्ही नेतृत्व करतो’ असा. १४ वर्षांचा पेत्र त्याचा संपादक झाला. अंकाची प्रत एकच निघे. आधी टाइप करून, पुढे हाताने लिहून. शुक्रवारी संध्याकाळी मुले जमत आणि ज्याने त्याने आपला मजकूर मोठ्याने वाचायचा. लेख वेळेवर मिळेनात तेव्हा पेत्र घरून आलेल्या पार्सलातला खाऊ लेखकांना देई. भुकेल्या घेट्टोत याहून मोठे मानधन नव्हते. तरीही पाने कमी पडली तर तो ती स्वतः भरी. ‘तेरेझिनमधील भटकंती’ या त्याच्या सदरात बेकरी, अग्निशमन केंद्र, इतकेच काय, दहनभट्टीचेही वर्णन आहे, एखाद्या वार्ताहराने फेरी मारून यावे तसे.

शेवटच्या वर्षातल्या त्याच्या वहीत महिन्याचा आराखडा आणि महिनाअखेरीचा हिशेब दिसतो. कोणती पुस्तके वाचली, किती चित्रे काढली, काय राहिले.

पेत्रचे पुढे काय झाले?

मे १९४४ मध्ये एवाही तेरेझिनला आली. भावंडे जेमतेम चार महिने एका गावात होती. २८ सप्टेंबर १९४४ च्या गाडीने पेत्र आणि त्याचा चुलतभाऊ पावेल यांना नेण्यात आले. निघण्यापूर्वी त्यांना बराकीत अडकवून ठेवले होते. १४ वर्षांची एवा दोरीखालून सरपटत पुढे गेली आणि तिने खिडकीतून पेत्रच्या हाती पावाचे दोन तुकडे दिले. हे तिने आपल्या रोजनिशीत लिहिले आहे. ती गाडी ऑश्विट्झला गेली.

आयसिंगरही परतले नाहीत. पहिल्या नंबरच्या खोलीतून सुमारे १०० मुले गेली, त्यांतली १५ वाचली.

मग हे सारे वाचले कसे?

‘वेदेम’ वाचले ते झ्देन्येक टाउसिग या मुलामुळे. त्याचे वडील घोड्यांना नाल ठोकणारे लोहार होते आणि त्या कामाची गरज असल्याने हे कुटुंब तेरेझिनमध्येच राहिले. झ्देन्येकने सुमारे ८०० पाने धातूच्या पेटीत घालून लोहारशाळेपाशी पुरली आणि १९४५ च्या मे महिन्यात सुटका झाल्यावर उकरून काढली. कम्युनिस्ट राजवटीत ती उघडपणे छापता आली नाहीत. पुस्तकरूपाने आली ती १९९० च्या दशकात.

रोजनिशीची गोष्ट वेगळी. ती प्रागमध्येच राहिली आणि दिसेनाशी झाली. रामॉन यांची आई ऑश्विट्झमधून वाचलेली. म्हणून त्यांनी जेरुसलेमच्या याद वाशेम स्मारकाकडे सोबत नेण्यासाठी एक वस्तू मागितली होती आणि स्मारकाने पेत्रचे चित्र निवडले होते. यान कोसळल्यावर हे चित्र बातम्यांत झळकले, तेव्हा प्रागमधल्या एका माणसाला आपल्याकडच्या जुन्या वह्या आठवल्या. एका जुन्या घरात सापडलेल्या त्या सहा वह्यांत तसेच अक्षर, तशीच चित्रे होती.

एवा तोवर चित्रकार हावा प्रेसबर्गर म्हणून इस्रायलमध्ये राहत होत्या. वह्या भावाच्याच असल्याचे त्यांनी ओळखले. २००४ मध्ये त्यांनी ती रोजनिशी चेक भाषेत प्रसिद्ध केली आणि त्यात स्वतःच्या तेरेझिनमधल्या नोंदींची पानेही जोडली. पावाचे दोन तुकडे आहेत ते त्या पानांत.