विश्लेषण : हिरवट स्क्रीनच्या ‘गेम बॉय’ने रंगीत प्रतिस्पर्ध्यांना कसे हरवले? ‘पैसा वसूल’ यंत्राचे गणित मांडणारे गुनपेई योकोई कोण होते?

नवा मोबाइल किंवा गेमिंग कन्सोल घेताना बहुतेक ग्राहक प्रोसेसर, रॅम आणि स्क्रीनचे आकडे शेजारी ठेवून तुलना करतात. त्याच किमतीत जास्त आकडे देणारे यंत्र म्हणजे पैसा वसूल, असा सर्वसाधारण समज असतो. मात्र १९८९ मध्ये बाजारात आलेल्या निन्टेंडोच्या ‘गेम बॉय’ने हा समज खोटा ठरवला. रंग नाहीत, स्क्रीनमागे दिवा नाही, प्रोसेसरही जुन्या धाटणीचा. तरीही त्याने अधिक ताकदवान यंत्रांना मागे टाकले. हे यंत्र ज्यांच्या देखरेखीखाली तयार झाले, ते जपानी अभियंता गुनपेई योकोई यांचे आयुष्य म्हणजे ग्राहक नेमके कशाचे पैसे देतो, या प्रश्नाचा दीर्घ शोध होता. त्यात मोठे यश होते, तसेच एक मोठे अपयशही.

पत्त्यांच्या कारखान्यात अभियंता

योकोई यांचा जन्म १० सप्टेंबर १९४१ रोजी क्योटो शहरात झाला. तेथील दोशिशा विद्यापीठातून इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण घेऊन १९६५ मध्ये ते निन्टेंडोत रुजू झाले. १८८९ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीची ओळख तेव्हा ‘हानाफुदा’ हे जपानी पत्ते बनवणारी कंपनी अशी होती. पत्ते तयार करणाऱ्या यंत्रांची देखभाल हे योकोई यांचे काम होते. 

रिकाम्या वेळेत त्यांनी स्वतःच्या गमतीसाठी लांबची वस्तू पकडता येईल असा, कात्रीसारखा उघडझाप होणारा हात बनवला. कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांची नजर त्यावर पडली. योकोई यांना ओरडा बसण्याऐवजी त्याचे खेळणे बनवण्याचा आदेश मिळाला. ‘अल्ट्रा हँड’ नावाने १९६६ मध्ये आलेल्या या खेळण्याची विक्री दहा लाखांच्या पुढे गेली. देखभाल करणारा अभियंता खेळणी घडवू लागला.

बुलेट ट्रेनमध्ये सुचलेली कल्पना

सत्तरच्या दशकात शार्प आणि कॅसिओ या कंपन्यांमध्ये कॅल्क्युलेटरचे किंमतयुद्ध रंगले होते. त्यातून एलसीडी स्क्रीन आणि छोट्या चिप्स कमालीच्या स्वस्त झाल्या. याच काळात बुलेट ट्रेनच्या प्रवासात योकोई यांना एक कंटाळलेला प्रवासी कॅल्क्युलेटरची बटणे उगाच दाबत बसलेला दिसला. प्रवासात वेळ घालवण्यासाठी खिशात मावणारा खेळ का असू नये, हा विचार तिथून सुरू झाला.

१९८० मध्ये ‘गेम अँड वॉच’ आला. स्क्रीनवर आधीच ठरलेल्या आकृत्या, एकच खेळ आणि सोबत घड्याळ. नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी दिसलेल्या ‘ब्रिक गेम’सारखाच हा एलसीडीचा साधा प्रकार. या मालिकेच्या जगभरात चार कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या. त्यातील १९८२ च्या ‘डाँकी काँग’साठी योकोई यांनी अधिक चिन्हाच्या आकाराचे दिशादर्शक बटण वापरले. दुमडणाऱ्या छोट्या यंत्रात जॉयस्टिक बसणे अवघड होते. चार दिशांचे हे बटण पुढे गेम कंट्रोलरवर कायमचे स्थिरावले.

जुने तंत्रज्ञानच का?

योकोई यांची कार्यपद्धती एका सूत्रावर उभी होती. जे तंत्रज्ञान बाजारात मुरले आहे आणि स्वस्त झाले आहे, त्याचा कोणी न केलेला उपयोग शोधायचा. यामागे स्पष्ट अभियांत्रिकी कारणे होती. नव्या सुट्या भागांची किंमत जास्त असते, पुरवठा कमी असतो आणि त्यांतील दोष अजून समोर आलेले नसतात. जुन्या भागांच्या कारखान्यांचा खर्च वसूल झालेला असतो आणि त्यांच्या खोडी अभियंत्यांना पाठ असतात. त्यामुळे यंत्र स्वस्त पडते, टिकते आणि वाचलेला वेळ खेळ अधिक रंजक करण्यासाठी देता येतो.

गेम बॉय विरुद्ध रंगीत स्क्रीन : ग्राहकांनी काय मोजले?

गेम बॉय २१ एप्रिल १९८९ रोजी जपानमध्ये १२,५०० येनला विक्रीस आला. अमेरिकेत त्याची किंमत सुमारे ९० डॉलर होती. हिरवट पडद्यावर फक्त चार छटा दिसत. रंगीत स्क्रीनचा पर्याय योकोई यांच्यासमोर होता, पण वीज जास्त लागेल आणि किंमत वाढेल म्हणून त्यांनी तो नाकारला.

त्याच वर्षी अटारीचा ‘लिंक्स’ आला. रंगीत, उजळ स्क्रीन आणि किंमत जवळपास दुप्पट. १९९० मध्ये सेगाने रंगीत ‘गेम गिअर’ आणला. अमेरिकेत तो १५० डॉलरला मिळत होता आणि जाहिरातींत गेम बॉयच्या एकरंगी पडद्याची खिल्ली उडवली जात होती. कागदावर दोन्ही यंत्रे सरस होती.

फरक वापरताना कळत होता. गेम बॉय चार पेन्सिल सेलवर साधारण १५ तास चालायचा. गेम गिअरला सहा सेल लागत आणि ते तीन ते पाच तासांत संपत. म्हणजे ३० तास खेळायचे तर गेम बॉयला आठ सेल पुरत, तर गेम गिअरला चार तासांच्या हिशेबाने तब्बल ४५. हा खर्च किमतीच्या चिठ्ठीवर लिहिलेला नव्हता, पण सेल विकत घेणाऱ्या पालकांना तो लगेच जाणवत होता. शिवाय गेम बॉय छोटा होता आणि हातातून पडला तरी सहसा बंद पडत नसे.

दुसरा मुद्दा खेळांचा. अमेरिकेत गेम बॉयसोबत ‘टेट्रिस’ दिला गेला. ठोकळे रचण्याच्या या खेळाला रंगांची गरजच नव्हती आणि तो मुलांइतकाच मोठ्यांनाही खिळवून ठेवत होता. १९९६ मध्ये जपानमध्ये ‘पोकेमॉन’ आला, तेव्हा गेम बॉय सात वर्षांचा झाला होता. दोन यंत्रे जोडणाऱ्या साध्या केबलमुळे मुले पोकेमॉनची अदलाबदल करू लागली आणि जुने यंत्र पुन्हा धडाक्यात विकले गेले. एकदा घेतलेले यंत्र इतकी वर्षे उपयोगी पडणे हाही पैसा वसूलच होता.

गेम बॉय आणि १९९८ चा ‘गेम बॉय कलर’ मिळून ११ कोटी ८६ लाखांहून अधिक यंत्रे विकली गेली. गेम गिअरची विक्री एक कोटीच्या थोडी पुढे थांबली.

‘व्हर्च्युअल बॉय’ का फसला?

हेच सूत्र योकोई यांच्यावर एकदा उलटले. जुलै १९९५ मध्ये त्यांनी ‘व्हर्च्युअल बॉय’ आणला. डोळे लावून आत पाहिले की चित्रांना खोली असल्याचा भास व्हायचा. लाल एलईडी स्वस्त आणि कमी वीज खाणारे, म्हणून संपूर्ण चित्र लाल-काळे ठेवण्यात आले.

गेम बॉयमध्ये रंग सोडल्याने ग्राहकाला जास्त तास खेळायला मिळाले होते. इथे मात्र काटकसरीचा भार ग्राहकाच्याच शरीरावर आला. यंत्र टेबलावर ठेवून वाकून पाहावे लागे आणि डोळे व डोके दुखण्याच्या तक्रारी आल्या. प्रवासात ते वापरता येत नव्हते, मित्रांना पडदा दिसत नव्हता आणि त्यासाठी एकूण २२ च खेळ निघाले. विक्री सुमारे पावणेआठ लाखांवर अडकली आणि वर्षभरातच उत्पादन गुंडाळावे लागले.

अर्धवट राहिलेला प्रवास

ऑगस्ट १९९६ मध्ये, ३१ वर्षांच्या नोकरीनंतर योकोई यांनी निन्टेंडो सोडली. व्हर्च्युअल बॉयच्या अपयशामुळे त्यांना जावे लागले, असा समज रूढ झाला. मात्र स्वतंत्र काम करण्याचा विचार आधीपासूनच होता, असे त्यांनी स्वतः स्पष्ट केले होते. त्यांनी ‘कोतो’ ही कंपनी स्थापन केली आणि बांदाई कंपनीसाठी नव्या यंत्रावर काम सुरू केले.

४ ऑक्टोबर १९९७ रोजी होकुरिकू द्रुतगती मार्गावर त्यांच्या कारचा किरकोळ अपघात झाला. ते गाडीतून उतरले असता दुसऱ्या वाहनाची धडक बसून त्यांचा मृत्यू झाला. ते ५६ वर्षांचे होते. 

त्यांचे अखेरचे यंत्र ‘वंडरस्वान’ मार्च १९९९ मध्ये आले. किंमत ४,८०० येन, स्क्रीन एकरंगी, आणि एकाच पेन्सिल सेलवर ३० तासांहून अधिक खेळ. त्यातील एका कोडेखेळाला त्यांच्या स्मरणार्थ ‘गनपे’ हे नाव देण्यात आले.

आजच्या खरेदीसाठी याचा अर्थ काय?

योकोई यांच्या दोन यंत्रांतून खरेदीची एक कसोटी मिळते. दोन्ही यंत्रांत काहीतरी वगळून किंमत आटोक्यात ठेवली होती. एकात वगळलेली गोष्ट खेळताना फारशी आठवली नाही, दुसऱ्यात ती दर मिनिटाला डोळ्यांना टोचत राहिली. त्यामुळे यंत्र निवडताना आकड्यांसोबत चार प्रश्न विचारायला हवेत. ते रोज किती वेळ वापरले जाईल? चालवण्याचा वरचा खर्च किती? आपल्याला हवे ते खेळ त्यावर आहेत का? आणि स्वस्त करताना जे काढले, त्याची उणीव वापरताना जाणवेल का?